सुयांची बाग

घरोघर चकल्यांचा घाणा चाललेला असताना, दिवाळीच्या अंकात असला विषय काढावा की काढू नये, याचा मी चांगला पंधरा दिवस विचार केला. आमच्या घरी अंक आला की तो आधी सासूबाईंच्या हाती जातो, मग मुलीच्या, आणि सगळ्यांचे वाचून झाले की माझ्या. तेव्हा जे सासूबाईंना आणि मुलीला एकाच खोलीत बसून वाचता येणार नाही ते आपण लिहू नये, असा माझा साधा नियम आहे. हा लेख त्या नियमात बसतो की नाही, ते वाचकांनीच ठरवावे. मात्र ज्या घरात शिकणारी मुले आहेत, त्या घराला हा विषय आता परका राहिलेला नाही. आणि माझ्यापुरते बोलायचे तर मला एका सहीचा हिशेब द्यायचा आहे.

सहीची हकीकत अशी. मी एका महाविद्यालयात मराठी शिकवते. तीन वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. नाव-गाव मुद्दामच लिहीत नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेला, वसतिगृहात राहणारा, एवढे पुरे. जुन्या गद्याचा तास म्हटला की आमच्या वर्गाच्या माना आपोआप घड्याळाकडे वळतात; हा एकटा पुढे सरकून बसे. 'लीळाचरित्रा'तले कितीतरी शब्द आमच्या आजीच्या तोंडी अजून आहेत, असे सांगे आणि दुसऱ्या दिवशी त्यांची यादी करून आणी. पुढे तो वर्गात येईनासा झाला. आलाच तर डोळे तारवटलेले, ओठ कोरडे, आणि बोलणे एकाएकी भरधाव. मला वाटले, प्रेमप्रकरण असेल. आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना सगळ्या रोगांचे मूळ तिथेच दिसते! मग एके दिवशी वसतिगृहाच्या झडतीत त्याच्या कपाटात पांढरी पूड सापडली. मुंबई-पुण्यापासून जिल्ह्याच्या गावांपर्यंत जिला हल्ली 'एमडी' म्हणतात, ती. शास्त्रीय नाव मेफेड्रोन.

समिती बसली. समितीत मी होते. पोलिसांत दिले तर मुलाचे आयुष्य जाईल आणि महाविद्यालयाचे नाव जाईल, असे दोन मुद्दे निघाले. त्यांतल्या दुसऱ्यावर चर्चा अधिक झाली. शेवटी मधला मार्ग सापडला. त्याने अर्ज करायचा आणि आम्ही दाखला द्यायचा. महाविद्यालय सोडण्याचे कारण या रकान्यात लिहिले, 'स्वेच्छेने'. खाली पाच सह्या. तिसरी माझी. आपण एका मुलाला वाचवले, अशा समजुतीने आम्ही सर्वांनी त्या दिवशी चहा घेतला.

पंधरा दिवसांनी तो माझ्या घरी आला आणि दारातच उभा राहिला. माझी 'लीळाचरित्रा'ची प्रत त्याच्याकडे राहिली होती, ती परत द्यायला आला होता. तिला त्याने नवे खाकी कव्हर घातले होते. मी म्हटले, "आत ये, चहा घे." तो म्हणाला, "नको मॅडम." मग जिना उतरता उतरता थांबून म्हणाला, "दाखल्यावर कुठून गेलो ते लिहिलंय, मॅडम. कुठं जायचं ते नाही लिहिलं."

हे तो रागाने बोलला असता तर मला सोपे गेले असते.

यानंतर दोन वर्षांनी, गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, मी धाकट्या बहिणीकडे झुरिचला गेले. माझे मेहुणे तिथे नोकरीला आहेत, भाचा आठ वर्षांचा आहे आणि घरात पुरणपोळीपासून चीजपर्यंत सगळे गुण्यागोविंदाने नांदते. स्वित्झर्लंड म्हणजे बर्फ, गाई आणि हिंदी चित्रपटातली नायिका, एवढेच माझे ज्ञान. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बहीण म्हणाली, "चल, नदीकाठच्या बागेत जाऊ." बरोबर तिची शेजारीणही आली. बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. नगरपालिकेत कारकुनी करून निवृत्त झालेल्या. पायांत कापडी बूट, हातात काठी, आणि इंग्रजी माझ्यापेक्षा स्वच्छ.

बागेचे नाव प्लाट्झश्पिट्झ. झुरिचच्या मुख्य स्टेशनाच्या अगदी मागे. पुढे १८९८ साली उघडलेले राष्ट्रीय संग्रहालय. ते इतके किल्ल्यासारखे दिसते की भाचा त्याला 'सिंहगड'च म्हणतो. मागे लिम्माट आणि झील या दोन नद्यांचा संगम. जुने मोठे वृक्ष, वाद्यवृंदासाठी बांधलेला गोल मंडप, आणि गेस्नर नावाच्या अठराव्या शतकातल्या कवीचे स्मारक. मेंढपाळ, झरे, हिरवी कुरणे यांवर लिहिणारा हा कवी. जेम्स जॉइस झुरिचला असताना या संगमावर येऊन बसत असे. आमच्या विषयातली एवढी मंडळी एका बागेत भेटल्यावर मी खूश झाले. भाचा गवतात चेंडू खेळू लागला. बाई बाकावर बसल्या, आणि काठीने समोरची हिरवळ दाखवीत म्हणाल्या, "तुमचा मुलगा खेळतो आहे ना, तिथे मी माणसे मरताना पाहिली आहेत."

मला वाटले, महायुद्धाची आठवण सांगत असतील. पण स्वित्झर्लंड तर युद्धात नव्हते!

त्या सांगत होत्या ती गोष्ट १९८७ ते १९९२ या काळातली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तेव्हा या जागेला 'सुयांची बाग' असे नाव दिले होते. गर्दीच्या दिवसांत दोन-तीन हजार माणसे इथे हेरॉइन विकत घेत आणि उघड्यावर, भर दुपारी, हातापायांत, मानेत टोचून घेत. आपल्याकडे ज्याला 'गर्द' म्हणत त्याचेच हे शुद्ध थोरले भावंड. चिखलात सुया, रक्त, उलट्या; आणि दोनशे पावलांवर बँकांच्या शहराचे झगझगीत स्टेशन. हे सगळे पोलिसांच्या डोळ्यांदेखत चालले होते, कारण त्याआधी वर्षानुवर्षे पोलिसांनी या मंडळींना या चौकातून त्या चौकात हाकलून पाहिले होते आणि ती दरवेळी पुढच्या चौकात जमली होती. शेवटी शहराने कंटाळून ही बाग त्यांना सोडून दिली. म्हणजे कचरा अंगणातून काढून परसात नेऊन टाकला, एवढेच.

त्यात एड्सचा काळ. एकच सुई दहा जणांच्या अंगात जाई. पश्चिम युरोपात या रोगाचा प्रादुर्भाव ज्या देशांत सर्वांत जास्त होता, त्यांत स्वित्झर्लंड होते. अशा वेळी सरकारने काय करावे? १९८५ साली झुरिच कॅंटनच्या (कॅंटन म्हणजे आपल्या घटकराज्यासारखे) वैद्यकीय अधिकाऱ्याने हुकूम काढला की, व्यसनी माणसांना कोणत्याही डॉक्टरने स्वच्छ सुया देऊ नयेत. दिल्या तर परवाना जाईल. विचार असा की, सुई मिळाली नाही म्हणजे माणूस टोचणार नाही. व्यसन काय चीज आहे हे ज्याने घरात पाहिले आहे, तो या तर्काला हसेल. शेकडो डॉक्टरांनी सह्या करून जाहीर केले की, आम्ही सुया देणार, परवाने काढून घ्या. अखेर सरकारला हुकूम गुंडाळावा लागला.

सह्या त्यांनीही केल्या होत्या, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

१९८८ च्या अखेरीस विद्यापीठाच्या रुग्णालयातले डॉ. पीटर ग्रोब यांनी याच बागेत काम सुरू केले. जागा कोणती? बागेतल्या सार्वजनिक शौचालयाची लहानशी इमारत. तिथे रोज हजारो स्वच्छ सुया दिल्या जात आणि वापरलेल्या परत घेतल्या जात. कावीळ-बीची लस टोचली जाई, जखमा धुतल्या जात. आणि दिवसातून कित्येकदा परिचारिका धावत जाऊन निळ्या पडलेल्या एखाद्या पोराच्या छातीत पुन्हा श्वास घालीत. मी बाईंना आपल्याकडची म्हण समजावून सांगितली : व्यसन्याच्या हाती सुई देणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे. त्या म्हणाल्या, "आम्हीही तसेच म्हणत होतो. मी स्वतः म्हणत होते. मग माझ्या वहिनीचा मुलगा इथे सापडला."

पुढे त्याचे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही. मी विचारले नाही.

आता या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. ५ फेब्रुवारी १९९२ रोजी बागेच्या फाटकांना कुलपे लागली. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. सभ्य नागरिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि पुढच्या काही आठवड्यांत ती सगळी माणसे शेजारच्या मजूरवस्तीत पसरली. इमारतींचे जिने, तळघरे, शाळांची अंगणे, कुठेही. बाई त्या वस्तीत राहत. सकाळी कामावर निघताना जिन्यात झोपलेल्या माणसाला ओलांडून जावे लागे. मुलांना वाळूत खेळायला सोडण्याआधी आया वाळू चाळून घेत. मग हळूहळू सगळा बाजार नदीच्या खालच्या अंगाला, लेटेन नावाच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर जमला. पहिल्यापेक्षा वाईट. विक्रेत्यांच्या टोळ्या आल्या, चाकू-पिस्तुले आली. १९९२ साली देशभरात अमली पदार्थांनी मेलेल्यांचा आकडा ४१९ झाला. पाऊण कोटीही लोकसंख्या नसलेल्या देशात!

ते स्टेशनही तीन वर्षांनी, १४ फेब्रुवारी १९९५ ला बंद केले गेले. तिथेही पोलीस, तिथेही कुंपण. पण या वेळी बाजार पुन्हा भरला नाही. त्याच शहराचे तेच पोलीस. मग १९९२ ला जे जमले नाही ते १९९५ ला कसे जमले, हे मी बाईंना पुन्हा पुन्हा विचारले. त्यांनी उत्तर दिले ते एखाद्या मुरलेल्या कारकुनाने द्यावे तसे. म्हणाल्या, "पहिल्या वेळी आमच्याकडे कुलूप होते. दुसऱ्या वेळी यादी होती."

यादी कसली? तर मधल्या तीन वर्षांत नगरपालिकेने कुठे किती माणसांची सोय होईल, हे मोजून तयार ठेवले होते. रात्रीच्या निवाऱ्यातल्या खाटा किती. मेथाडोन या बदली औषधाच्या उपचारात जागा किती. (हे औषध तोंडाने घेतात; त्याने हेरॉइनची तडफड थांबते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. देशभरात ते घेणारे १९९० च्या दशकाअखेर पंधरा हजारांच्या पुढे गेले.) शहराच्या निरनिराळ्या भागांत 'संपर्क केंद्रे' किती, तुरुंगात विक्रेत्यांसाठी कोठड्या किती. आणि परगावच्यांना परत पाठवण्याची व्यवस्था. ही शेवटची गोष्ट ऐकून मी थबकले, कारण मला आमचा दाखला आठवला. पण तिथला प्रकार वेगळा होता. त्या देशात प्रत्येक माणूस कोणत्या तरी गावाच्या दप्तरी असतो, आणि अडल्यानडल्याला सांभाळण्याची जबाबदारी त्या गावाच्या पंचायतीवर असते. झुरिचने काय केले, तर एका केंद्रात माणसाला नेऊन त्याचे गाव विचारले आणि त्या गावाला कळवले : हा तुमचा आहे, न्यायला या. ज्या लहान गावांनी 'आमच्याकडे असले काही नाही' म्हणत इतकी वर्षे आपली पोरे झुरिचच्या गळ्यात घातली होती, त्यांना आपापल्या तालुक्यात औषधाची सोय करावी लागली. सगळे काही प्रेमाने झाले असे नाही. बखोटीला धरून गाडीत बसवलेलेही पुष्कळ असतील. पण गाडी कुठे जाणार, ते कागदावर लिहिलेले होते.

या कामात जी माणसे पुढे होती, त्यांतल्या एका बाईंविषयी लिहिलेच पाहिजे. एमिली लीबरहेर. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवर मताचा अधिकार मिळाला तो १९७१ साली. (आपल्याकडे १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत माझ्या आजीने मत दिले होते, हे मी तिथे दोनदा सांगून घेतले!) त्या अधिकारासाठी १९६९ साली राजधानी बर्नवर जो मोर्चा गेला, त्याच्या पुढारी या लीबरहेरबाई. १९७० साली त्या झुरिच नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळावर आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री सभासद म्हणून, आणि १९९४ पर्यंत समाजकल्याण खाते त्यांच्याकडे होते. वृद्धांची घरे आणि बेकारांची कामे पाहणाऱ्या या बाई एके दिवशी उठून म्हणू लागल्या की, जी माणसे कोणत्याच उपचाराने सुटत नाहीत त्यांना हेरॉइन डॉक्टरच्या देखरेखीखाली सरकारनेच द्यावे.

ही गोष्ट बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर निघाली तेव्हा मेहुण्यांनी वाटी खाली ठेवली. "म्हणजे मी कर भरायचा आणि सरकारनं त्याचा गर्द वाटायचा?" मलाही पहिल्यांदा तसेच वाटले, आणि अजूनही ती कल्पना मनाला टोचतेच. पण कसे देतात ते ऐकण्यासारखे आहे. प्रयोग १९९४ च्या जानेवारीत सुरू झाला. शास्त्रीय देखरेख झुरिचचे मनोविकारतज्ज्ञ आंब्रोस उख्टेनहागेन यांची. वय अठराच्या पुढे, किमान दोन वर्षांचे जडलेले व्यसन, आणि दुसऱ्या उपचारांत निदान दोनदा आलेले अपयश, एवढे असेल तरच प्रवेश. रोज ठरल्या वेळी दवाखान्यात यायचे, परिचारिकेसमोर औषध घ्यायचे, थोडा वेळ बसायचे आणि जायचे. मजा म्हणावी असे त्यात काही नाही. रांग, खिडकी, नोंदवही! पण ज्या माणसाचा सगळा दिवस पुडीचे पैसे चोरण्यात आणि पुडी शोधण्यात जात होता, त्याला दिवस मोकळा मिळतो. त्या मोकळ्या दिवसात काहींनी खोली घेतली, काहींनी काम धरले, आणि काही पुढे मेथाडोनवर किंवा व्यसनमुक्तीकडे वळले. हिशेबनिसांनी आकडे मांडले : दर रुग्णामागे दिवसाला ५१ फ्रँक खर्च, चोऱ्या, खटले, तुरुंग आणि इस्पितळ यांत वाचलेले ९६ फ्रँक. मेहुणे हिशेबाचे पक्के. त्यांनी वाटी पुन्हा उचलली. मत बदलले असे मात्र म्हणाले नाहीत.

तिथल्या लोकशाहीची तऱ्हा अशी की, असल्या प्रश्नावर मंत्र्याला नव्हे, प्रत्येक घराला विचारतात. सप्टेंबर १९९७ मध्ये काही लोकांनी मतदान मागितले : हे सगळे लाड बंद करा, फक्त कडक बंदी ठेवा. १०० पैकी ७० जणांनी नाही म्हटले. चौदा महिन्यांनी दुसऱ्यांनी मागितले : सगळे पदार्थ खुले करा. ७४ जणांनी नाही म्हटले. १९९९ च्या जूनमध्ये डॉक्टरी हेरॉइनचा प्रश्न आला. ५४ टक्क्यांनी, म्हणजे निसटत्या बहुमताने, होकार. आणि २००८ साली तो कायम कायद्यात घालायचा की नाही असे विचारले तेव्हा ६८ टक्के होकार. मला यात नवल वाटले ते आजींचे, आजोबांचे. शेतकरी, बेकरीवाले, चर्चला जाणारे लोक. ही मंडळी व्यसनाच्या बाजूची खास नव्हती. त्यांना आपला जिना स्वच्छ हवा होता, आणि शेजारणीचा मुलगा जिवंत हवा होता.

परिणाम? झुरिचच्या दोन संशोधकांनी २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हिशेब प्रसिद्ध केला. झुरिच कॅंटनमध्ये १९९० साली हेरॉइनला नव्याने लागलेली माणसे ८५० होती. २००२ साली १५०. फुकट मिळू लागले की सगळे धावतील, ही भीती होती, झाले उलट. दवाखान्याच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या पोक्त, थकलेल्या माणसांकडे पाहून कोणत्या तरुणाला त्यात शौर्य वाटणार? हेरॉइन हे एक दुखणे झाले. आज देशभर सोळा-सतराशे लोक हा उपचार घेतात, आणि त्यांतले पुष्कळ केस पिकलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटले, मला एखादे संपर्क केंद्र पाहायचे आहे. आत जाता येत नाही. पाहुण्यांना दाखवायचे ते प्रदर्शन नाही, असे त्या जरा रागानेच म्हणाल्या. मी रस्त्याच्या पलीकडून पाहिले. साधी इमारत. दारात ओळखपत्र पाहतात. झुरिचचा रहिवासी असेल तरच प्रवेश. आत माणूस आपला पदार्थ स्वतः आणतो, केंद्र तो देत नाही. देते ते स्वच्छ सुई, टेबल, आणि बाजूला उभी असलेली परिचारिका. शिवाय स्वस्तात गरम जेवण, कपडे धुण्याचे यंत्र, जखमेची मलमपट्टी, आणि झाडलोट किंवा स्वयंपाकघरातली तास-दोन तासांची कामे, त्यांची मजुरी रोख. अशी पहिली खोली जगाने पाहिली ती बर्न शहरात, १९८६ साली. रस्त्यावर नगरपालिकेचे गणवेशातले समाजसेवक फिरतात. ते पोलीस नाहीत, पण 'इथे बसू नका, तिकडे चला, तिथे चहा आहे' हे म्हणण्याचा अधिकार त्यांना आहे. आणि विक्रेत्यांच्या मागे खरे पोलीस आहेतच. मऊपणा आणि कडकपणा यांचे हे लग्न लावायला त्या शहराला दहा वर्षे आणि शेकडो मुडदे लागले.

स्वर्ग तोही नव्हे, हे सांगितले पाहिजे. २०२३ च्या उन्हाळ्यात झुरिचच्या बेकरआनलागे नावाच्या बागेत पुन्हा घोळका जमू लागला. या वेळी हेरॉइन नव्हते, कोकेनपासून केलेले 'क्रॅक' होते. एक संपर्क केंद्र जागेअभावी बंद झाले आणि लगेच बाग भरली. नगरपालिकेला धावपळ करून तात्पुरते केंद्र पुन्हा उघडावे लागले. आणि क्रॅकला मेथाडोनसारखे बदली औषध नाही. तेच आमच्या मेफेड्रोनचे. म्हणजे तिथल्या दवाखान्याची खिडकी जशीच्या तशी उचलून इथे आणली तरी आमच्या त्या मुलाला उपयोग नाही, हे मला तिथेच कळले. माझा थोडा हिरमोडही झाला. उरते काय? तर खाट, जेवण, बोलायला माणूस, मनोविकारतज्ज्ञ, आणि यादी.

परतीच्या विमानात मला आपल्याकडच्या गोष्टी आठवत होत्या. १९८६ साली बर्नमध्ये ती खोली उघडली, त्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. अवचटांनी गर्दुल्ल्यांविषयी लिहिलेले वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये पुढे केले आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात काम उभे राहिले. आपल्या समाजाने काहीच केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा कडक आहे, तरी जो व्यसनी आपण होऊन उपचाराला येतो त्याला खटल्यातून सूट देणारे कलमही त्यात आहे, ६४-अ. समितीत आम्ही पाच पदवीधर बसलो होतो. हे कलम एकालाही ठाऊक नव्हते. आणि १९९२ साली, झुरिचने बागेला कुलूप ठोकले त्याच वर्षी, आपल्या संसदेने ७४ वी घटनादुरुस्ती केली. तिच्यातल्या नगरपालिकांच्या कामांच्या यादीत 'सार्वजनिक आरोग्य' हे शब्द आहेत.

म्हणून जुलैमध्ये मी आमच्या विभागाच्या कचेरीत गेले. प्रश्न साधा होता : व्यसन लागलेला विद्यार्थी कुठे पाठवायचा? पहिल्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "डासांची तक्रार आहे का?" दुसऱ्यांनी मला दुसऱ्या इमारतीत धाडले. तिथून तिसरीकडे. तिथले साहेब सज्जन होते; त्यांनी खुर्ची दिली आणि हळूच विचारले, "बाई, तुमचाच मुलगा का?" मी नाही म्हटल्यावर त्यांना माझे येणे अनाकलनीय वाटले. मी उठणार, इतक्यात कोपऱ्यात पोलिओच्या नोंदी करीत बसलेली एक आरोग्यसेविका म्हणाली, "मुलगा कुठल्या जिल्ह्यातला?" मी सांगितले. तिने पर्समधून डायरी काढली. तिच्या स्वतःच्या भावासाठी तिने दोन वर्षांपूर्वी सगळे शोधून ठेवले होते. कुठल्या इस्पितळात मनोविकार विभाग आहे, कुठल्या वारी, केसपेपर किती वाजेपर्यंत. तिच्या अक्षरात दोन पाने भरली होती. मी ती उतरून घेतली.

त्या रात्री मी खाकी कव्हरातली 'लीळाचरित्रा'ची प्रत काढली. कव्हराच्या आतल्या बाजूला त्याने आपल्या घरचा नंबर पूर्वीच लिहून ठेवला होता. पुस्तक हरवले तर परत मिळावे म्हणून असेल. फोन त्याच्या थोरल्या भावाने घेतला.

"मी त्याची मराठीची मॅडम बोलतेय."

बराच वेळ काही नाही. मग, "तो आहे हो. कधी शेतात असतो, कधी दोन-दोन दिवस येत नाही. आता काय झालं?"

मी म्हटले, "काही झालेलं नाही. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात एक विभाग आहे. मंगळवारी सकाळी नऊ ते बारा. त्याला घेऊन याल का?"

"पोलीस असतेत का तिथं?"

"नाही. डॉक्टर असतात. मी पण येते त्या दिवशी. आदल्या रात्रीच्या गाडीनं निघते."

"थांबा मॅडम," तो म्हणाला, "पेन घेतो. कोणत्या वारी म्हणालात?"